आई-बाबांना घेऊन हेटरला जायचंय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांमध्ये भारतातून आई-बाबा, सासू-सासरे, भाचरं यायला लागतात आणि मग लंडन, बाथ, स्टोनहेंज झालं की पुढे कुठे न्यायचं हा प्रश्न पडतो. मी ब्रिस्टलला राहते आणि गेली कित्येक वर्षं जो पाहुणा येईल त्याला डार्टमूरवर हेटरला नेते, त्यामुळे ओळखीतले सगळे मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, बहुतेक लोक पार्किंगमधून वर खडकापर्यंत जातात, फोटो काढतात आणि परत येतात. तसं करू नका. खडकाच्या मागच्या बाजूला जे आहे ते बघितल्याशिवाय हेटर बघितलं असं मी तरी म्हणणार नाही.

हेटर म्हणजे नक्की काय आणि कुठे आहे?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, त्यात डार्टमूर हे साधारण ९५४ चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, १९५१ मध्ये झालेलं. त्याच्या पूर्वेच्या कडेला एक टेकडी आहे आणि तिच्या डोक्यावर ग्रॅनाइटचे दोन प्रचंड मोठे उघडे खडक, तेच हेटर. उंची समुद्रसपाटीपासून ४५७ मीटर. अशा टेकडीवरच्या उघड्या खडकाला इथे टॉर म्हणतात आणि डार्टमूरवर असे कितीतरी टॉर आहेत, पण रस्त्यापासून इतका जवळ आणि इतका मोठा म्हणून हेटरला सगळ्यात जास्त गर्दी असते. ४५७ मीटर ऐकून घाबरू नका, गाडीच तुम्हाला बरंच वर आणून सोडते, पायी चढायचं असतं ते थोडंसंच.

मूर म्हणजे काय? आपल्याकडे असं काही असतं का?

कोकणातल्या माणसाला मी सांगते की सडा डोळ्यासमोर आण, फक्त जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट. झाडं जवळपास नाहीत, मोकळं, वाऱ्याचं राज्य, गुडघ्यापर्यंतची झुडपं, मधेच ओलसर जमीन आणि लांबपर्यंत नुसत्या टेकड्या. साताऱ्याकडच्या लोकांना कास आठवतं आणि ते चुकीचं नाही, इथेही ऑगस्टमध्ये अख्खं माळरान जांभळं होतं. ती हेदरची फुलं. जोडीला गॉर्स नावाचं काटेरी पिवळ्या फुलांचं झुडूप असतं. उन्हात त्या फुलांजवळ नाक नेलं तर चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो, म्हणजे थोडाफार नाही, अगदी नारळ खवताना येतो तसा. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या, त्या तिथे अर्धा मिनिट डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या. काटे मात्र फार टोकदार, मुलांना हात घालू देऊ नका.

आईचे गुडघे दुखतात, तिला जमेल का?

बऱ्याच जणींना जमतं. रस्त्यालगत दोन मोठी पार्किंगं आहेत, एक खालचं, तिथेच माहिती केंद्र आहे, आणि एक वरचं. दोन्हीकडून रस्ता ओलांडला की गवताची रुंद चढण सुरू होते. पायऱ्या नाहीत, दोर नाही, कड्यावरून चालणं नाही. तरुण माणूस दहा मिनिटांत वर, आईबरोबर तीन वेळा थांबत गेलात तर वीस-पंचवीस. सिंहगड चढणाऱ्याला ही चढण काहीच नाही, पर्वतीच्या पायऱ्या सावकाश चढू शकणाऱ्याला सुद्धा अवघड जाऊ नये. त्रास होतो तो उतरताना, कारण गवत ओलं असलं की पाय सटकतो, म्हणून एक काठी द्या हातात.

आणि चढणच नको असेल तरी घरी बसवू नका. खालच्या पार्किंगसमोरून टेकडीला वळसा घालून जुन्या दगडखाणीकडे एक वाट जाते, ती बरीच सपाट आहे. बाबांच्या बायपासनंतर आम्ही त्यांना त्याच वाटेने नेलं, डॉक्टरांना विचारून, आणि त्यांना खडकापेक्षा तिकडचंच जास्त आवडलं. व्हीलचेअर मात्र गवतावर आणि दगडांवर चालत नाही, पण वरच्या पार्किंगमधून बसल्या जागी खडक नीट दिसतो.

रस्ता सांगा ना, कुठून कसं फिरायचं?

मी नेहमी असा फिरवते. खालचं पार्किंग, रस्ता ओलांडायचा, सरळ खडकाकडे चढायचं. खडकाला वळसा घालून मागे म्हणजे उत्तरेला यायचं. तिथून खाली बघितलं की उजव्या हाताला मातीचे-दगडांचे ढिगारे दिसतात, ती खाण. मळलेल्या वाटेने तिकडे उतरायचं, छोट्या गेटमधून आत जायचं, तळं बघायचं, बाहेर येऊन दगडी रुळांवरून थोडं चालायचं आणि टेकडीच्या कडेकडेने परत पार्किंगला. सगळं मिळून तीन-चार किलोमीटर. वयस्कर माणसं, मुलं, डबा, फोटो धरून दोन-अडीच तास ठेवा. घाईने करण्यासारखं हे नाही.

त्या खडकाच्या अगदी वर जाता येतं का?

येतं. मोठ्या खडकाला एकोणिसाव्या शतकात पर्यटकांसाठी पायऱ्या कोरल्या होत्या, त्या आता झिजल्यात पण पाय ठेवण्यापुरत्या आहेत. कोरडं असेल, वारा कमी असेल आणि तुम्हाला उंचीची भीती नसेल तर जा. वरून एका बाजूला आतला सगळा मूर आणि दुसऱ्या बाजूला टीन नदीची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. पाऊस पडून गेला असेल तर नको. वर कठडा नाही. मुलाला एकट्याला अजिबात सोडू नका. खडकाच्या पायथ्याशी उभं राहूनही तोच समुद्र दिसतो, तेव्हा नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

पायथ्याशी उभे आहात तर हात लावून बघा त्या दगडाला. खरखरीत असतो, खडीसाखरेवरून हात फिरवल्यासारखा. त्यात बोटाच्या पेराएवढे पांढरे स्फटिक दिसतील ते फेल्डस्पार, काचेसारखे राखाडी दाणे क्वार्ट्झ आणि चमचम करणारा काळा अभ्रक. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी हा तप्त रस जमिनीच्या पोटातच हळूहळू थंड झाला, सावकाश थंड झाला म्हणून स्फटिक एवढे मोठे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हा बाहेर येऊन भराभर थंड झालेला, म्हणून त्यात असे दाणे नजरेला दिसत नाहीत. इथे वरची माती आणि दगड कोट्यवधी वर्षांत झिजून गेले, भेगांमध्ये पाणी शिरून गोठत राहिलं आणि जे उरलं तो हा टॉर.

खडकाच्या मागे बघायचं ते काय? दगडी रूळ म्हणजे?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार आनंद होतो.

हेटरच्या खाणींचा मालक होता जॉर्ज टेम्पलर. त्याच्याकडे उत्तम ग्रॅनाइट होता पण तो डोंगरावर, आणि गिऱ्हाइकं लंडनला. मग त्याने खाणीपासून खाली कालव्यापर्यंत जवळजवळ १४ किलोमीटरची ट्रामवे बांधली, ती १८२० मध्ये सुरू झाली. लोखंड महाग, दगड मात्र घरचा, म्हणून रूळच ग्रॅनाइटचे केले! लांबट दगड घेऊन त्यांच्या एका कडेला खाच कोरायची, म्हणजे चाक आतल्या बाजूला घसरत नाही. दोन रुळांमधलं अंतर सुमारे १.३ मीटर. भरलेले वॅगन उतारावरून आपल्या वजनाने खाली यायचे आणि रिकामे वॅगन घोडे ओढून परत वर न्यायचे. खाली कालव्यात होड्या, तिथून टिनमथ बंदर, तिथून जहाजाने लंडन. साधारण १८५८ पर्यंत हे चाललं.

आज दोनशे वर्षांनंतर ते रूळ गवतात तसेच पडलेत. कुंपण नाही, तिकीट नाही, तुम्ही त्यांच्यावरून चालता. एका जागी वाकून बघा, चाकं जाऊन जाऊन कडा गुळगुळीत झाली आहे, बाजूचा दगड खरखरीत आणि तेवढी पट्टी पाट्यासारखी. जिथे दोन मार्ग फुटतात तिथे दगडातच सांधा कोरलाय, दिशा बदलायच्या पट्टीसाठी भोक पाडलंय. माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, ते त्या सांध्यापाशी खाली बसले आणि पंधरा मिनिटं उठलेच नाहीत, बोटाने मोजत होते.

आजूबाजूच्या काही दगडांच्या कडेला ओळीने अर्ध्या भोकांच्या खुणा दिसतील. एका रेषेत भोकं पाडायची, त्यात पाचरी मारायच्या आणि आळीपाळीने ठोकत राहायचं की दगड सरळ दुभंगतो. आपल्याकडे वडार आणि पाथरवट हेच करतात, जुन्या खाणींजवळ राहिलेल्यांनी या खुणा लगेच ओळखल्या असत्या.

आणि हा दगड गेला कुठे, तर १८३१ मध्ये उघडलेल्या लंडन ब्रिजमध्ये हेटरचा ग्रॅनाइट आहे. तो पूल पुढे अमेरिकेला विकला गेला आणि त्याचे दर्शनी दगड नेऊन १९७१ मध्ये ॲरिझोनातल्या लेक हावासू सिटीत परत उभा केला. म्हणजे या टेकडीचा एक तुकडा आज वाळवंटात आहे. तुमच्या पाहुण्यांनी आदल्या दिवशी टॉवर ब्रिजलाच लंडन ब्रिज समजून फोटो काढले असतील (सगळेच काढतात), त्यांना हे इथे उभं राहून सांगा, फार आवडतं.

खाणीतल्या तळ्यात पोहता येईल का?

नको. पाणी उन्हाळ्यातही अंगात कापरं भरेल इतकं थंड असू शकतं, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. काठावर बसा. आत वारा लागत नाही, कमळासारखी वॉटर लिली असते, जून-जुलैत चतुर उडत असतात आणि पाण्यात जुन्या यारीचं लाकूड-लोखंड अजून उभं आहे. डबा खायला सगळ्यात चांगली जागा हीच, वरती खडकावर वाऱ्याने पोळ्या उडतात.

कोणत्या महिन्यात जाऊ?

जांभळा मूर बघायचा तर ऑगस्ट ते सप्टेंबरची सुरुवात. मे-जूनमध्ये शिंगरं असतात आणि दिवस एवढा मोठा की साडेनऊपर्यंत उजेड, दुपारी निघालात तरी चालतं. शाळांच्या सुट्टीत शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा नाहीतर पार्किंगसाठी फिरत बसाल. पार्किंगला पैसे पडतात. डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा जेवून निघू असं म्हणू नका.

धुकं आलं तर काय करायचं?

हे मनावर घ्या. महाबळेश्वरला जुलैत कसं समोरचा माणूस दिसेनासा होतो, तसं इथे जूनमध्येही होतं आणि पाच मिनिटांत होतं. एकदा मी, नवरा आणि सासू-सासरे खाणीतून बाहेर आलो आणि सगळं पांढरं. मला वाट पाठ आहे असं मी धरून चालले आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की आपण उलट्या दिशेने उतरतोय, पायाखाली ओलं लागायला लागलं होतं. सासरे काही बोलले नाहीत पण त्यांचा हात गार पडला होता ते मला आजही आठवतं. शेवटी दगडी रूळ सापडले, ते धरून परत खाणीपाशी आलो आणि तिथून माहितीच्या वाटेने रस्त्याला लागलो. त्या दिवसापासून मी कागदी नकाशा आणि होकायंत्र घेतल्याशिवाय निघत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ नंबरचा नकाशा घ्या. मोबाइलची रेंज मूरवर येते-जाते, त्यामुळे नकाशा फोनमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा. रस्त्यावरून खडकच दिसत नसेल तर त्या दिवशी वर जाऊ नका, जवळच्या बव्ही ट्रेसी गावात चहा प्या, दोन तासांनी परत बघा.

खरंच कुणी अडकलं किंवा पडलं तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगा. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

काय घालायचं, साडी चालेल का?

ओली झालेली साडी वाऱ्यात फार गार लागते आणि हेदरमध्ये अडकते, त्यामुळे त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पॅन्ट. आमच्या आईने नऊवारीसारखा काष्टा मारून चढलं होतं आणि ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती, तेव्हा ज्याचं त्याने ठरवा. पण बुटांवर तडजोड नको. चपला, सँडल, गुळगुळीत तळाचे शूज नकोत. खाली २४ डिग्री असलं तरी एक वाऱ्याचं जॅकेट आणि कानटोपी बॅगेत हवीच, भारतातून आलेल्या माणसाला ती लागतेच लागते.

तिथले घोडे जंगली आहेत का? खायला दिलं तर चालतं का?

जंगली नाहीत. डार्टमूरवर आपल्या गायरानासारखा प्रकार आहे, आसपासच्या काही शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या तिथे जनावरं चारायचा हक्क आहे. हे पोनी त्यांचे, मेंढ्या आणि गाई पण त्यांच्याच. वर्षभर मोकळे सोडलेले असतात आणि शरद ऋतूत एकदा हाकून गोळा करतात. खायला अजिबात द्यायचं नाही, पोळीचा तुकडा नाही, गाजर नाही, केळ्याची साल सुद्धा नाही. आपल्याकडे मुक्या जनावराला घास घालणं पुण्याचं, त्यामुळे आजी-आजोबांना हे पटवताना वेळ लागतो, पण माणसाच्या हातून खायची सवय लागली की हे पोनी रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि गाडीखाली जातात. दरवर्षी जातात. मी एकदा रस्त्याकडेला पडलेलं शिंगरू आणि त्याच्यापासून न हलणारी त्याची आई बघितली आहे, त्यानंतर मी कुणाचं ऐकून घेत नाही. गाडी सुद्धा सावकाश चालवा, मूरवर ताशी ४० मैलांची मर्यादा आहे आणि संध्याकाळी तेवढी पण जास्त होते.

खायचं काय, बाथरूमची सोय?

टॉयलेट खालच्या पार्किंगजवळ आहे, पुढे वाटेत कुठेही नाही, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन या. सीझनमध्ये आइस्क्रीमची गाडी असते. शाकाहारी असाल तर डबाच न्या, आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा हे ठरलेलं आहे. उतरल्यावर गावात क्रीम टी (चहाबरोबर स्कोन नावाचा छोटा पाव, क्रीम आणि जॅम) घ्या, डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलटं, आणि दोघंही याबाबतीत ठाम असतात. स्कोनमध्ये अंडं आहे का ते विचारून घ्या.

स्वतःची गाडी नाही, मग?

लंडन पॅडिंग्टनहून न्यूटन ॲबटपर्यंत ट्रेन, तीनेक तास. तिथून टॅक्सी, आणि परतीची टॅक्सी तेव्हाच सांगून ठेवा. उन्हाळ्यात शनिवारी हेटरला जाणारी बस चालवतात, पण वेळापत्रक बदलतं, निघायच्या आधी बघा. गाडीने येत असाल तर बव्ही ट्रेसीहून बी ३३८७ हाच रस्ता धरा. फोन कधीकधी शॉर्टकट म्हणून अशा बोळात घालतो की दोन्ही बाजूला डोक्यावरून उंच झुडपांचे बांध आणि समोरून ट्रॅक्टर, मग अर्धा मैल रिव्हर्स.

साप, किडे वगैरे?

ॲडर नावाचा एक विषारी साप मूरवर आहे, पण तो माणसाची चाहूल लागली की निघून जातो, वाटेवरून चालत राहा म्हणजे झालं. जास्त काळजी गोचिडीची. नेच्यांची दाट झुडपं वाढलेली असतात तिथून चाललात की ती पायाला चिकटते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पॅन्ट मोज्यात खोचा आणि रात्री अंघोळीला जाताना गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, तेल-तूप-काडेपेटी काही नको. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा. पाहुणे तोवर भारतात परतलेले असतील तर तिथल्या डॉक्टरांना हा आजार पटकन सुचणार नाही, म्हणून तारीख लिहून द्या.

चूल, तंबू, कुत्रा?

शेगडी, बार्बेक्यू काही पेटवायचं नाही, उन्हाळ्यात मूर वाळलेला असतो आणि खालची पीटची (कुजलेल्या झाडपाल्याची) माती सुद्धा जळते. तंबूबद्दल २०२५ च्या मे मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने डार्टमूरवर रानात मुक्काम करायचा हक्क मान्य केला, पण याचा अर्थ कुठेही असा नाही, पार्कच्या नकाशात दाखवलेल्या भागातच. कुत्रा १ मार्च ते ३१ जुलै साखळीला, जमिनीवर पक्ष्यांची घरटी असतात.

मुलं कंटाळतील का?

लेटरबॉक्सिंग दाखवा त्यांना. १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने मूरच्या आत आडजागी एक बाटली ठेवली, तिथवर पोचलेल्याने आपलं कार्ड त्यात ठेवायचं. त्यातून हा खेळ वाढला आणि आता मूरभर दगडांच्या कपारीत डबे लपवलेले असतात, आत रबरी शिक्का आणि वही. आपल्या वहीत शिक्का मारायचा आणि डबा होता तसा ठेवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये बुटक्या झुडपांवर निळी-काळी बिलबेरी मिळतात, ती खाऊन जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ होते. ओळखता येत असेल तरच तोडू द्या.

अजून अर्धा दिवस आहे, जवळ काय बघू?

हाउंड टॉर. हेटरहून चालत जाता येतं पण मध्ये खोल ओढा आहे, उतरून परत चढावं लागतं, म्हणून वयस्करांना गाडीनेच न्या, तिथलं पार्किंग वेगळं आहे. टॉरच्या खालच्या अंगाला मध्ययुगातल्या एका वाडीचे चौथरे आहेत, लोक साधारण सहाशे वर्षांपूर्वी सोडून गेले. लांबट दगडी घरं, एका टोकाला माणसं आणि त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला गुरं. गोठा नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे ओल घरात न येता बाहेर वाहून जाते. माझ्या आईने उंबऱ्याच्या दगडावर उभं राहून कुणालाही न विचारता बोट दाखवलं, गुरं इकडे बांधत असणार आणि चूल तिकडे.